आधी बेंगळुरू, मग परदेश

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून तू विचारलंस, "ताई, न्यूरोसायन्सच्या पीएचडीला अमेरिका की जर्मनी? आणि पुढे विद्यापीठात राहायचं की औषध कंपनीत जायचं?" मी निपाणीची, विद्यापीठात आणि कंपनीत दोन्हीकडे काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्ही देशांत मेंदूविज्ञानाच्या या पीएचडीला सहसा पदरचे पैसे लागत नाहीत, उलट महिन्याला मिळतात. त्यामुळे घरच्यांना शेत गहाण ठेवू देऊ नकोस. जर्मनीत एमएस्सीनंतर तीन-चार वर्षं, अमेरिकेत पाच-सहा. पण अमेरिकेत पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काम करून मग गाइड निवडता येतो, आणि मला हे वाचणाऱ्या वर्षांपेक्षा मोलाचं वाटतं.

व्हिसाचं नीट समजून घे. अमेरिकेत एच-वन-बीसाठी, म्हणजे नोकरीच्या व्हिसासाठी, विद्यापीठांना लॉटरी नाही. कंपन्यांना आहे, वर्षाला 85,000 ची मर्यादा. शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायला ओपीटीचे 12 आणि विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणाऱ्या स्टेम मुदतवाढीचे 24 महिने मिळतात, कंपनीत जायचं तर तेवढ्यात नंबर लागायला हवा. कंपनी हवी असूनही कितीतरी जण विद्यापीठात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) करत राहतात ते यामुळेच.

आता कामाचं. मेंदूची बहुतेक औषधं माणसांवरच्या चाचण्यांत पडतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा बहुतेक रेणूंना आत सोडत नाही, आणि उंदराची स्मृती सुधारली म्हणून माणसाची सुधारत नाही. अल्झायमरवरच्या अॅड्युकॅनुमॅब या औषधाला 2021 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, 2024 मध्ये कंपनीनंच ते बंद केलं. त्याच आजारावरच्या लेकानेमॅबला 2023 मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली, पण तेही आजार थांबवत नाही, घसरण थोडी मंदावते. शिवाय मेंदूत सूज किंवा रक्तस्राव नाही ना, हे बघायला एमआरआय करत राहावे लागतात. ही औषधं ज्यावर उभी आहेत तो अमायलॉइडचा सिद्धांत (मेंदूत साचणाऱ्या या प्रथिनामुळे अल्झायमर होतो, असा) 1992 चा, म्हणजे एवढ्यासाठी तीस वर्षं गेली. तरी मी हे काम सोडणार नाही. घरातलं माणूस आपल्याला विसरत जाताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना घसरण लांबून मिळालेल्या सहा महिन्यांची किंमत विचार.

म्हणून माझं ऐकशील तर आधी बेंगळुरूला जा. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत पोचशील. एनसीबीएस, आयआयएससी या संशोधन संस्थांत किंवा निम्हान्स या मेंदू-मनोविकारांच्या संस्थेत वर्षभर प्रोजेक्टवर काम कर. पॅच-क्लॅम्प (एकेका पेशीतले विद्युतप्रवाह मोजायचं तंत्र) शीक, किंवा स्टेम सेलपासून (मूळ पेशींपासून) न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, वाढवायला शीक. हे हात विद्यापीठाला लागतात तसे कंपनीलाही. निम्हान्समध्ये रुग्णांच्या घरच्यांशी कानडीत बोलावं लागतं, ते आपल्याकडच्या पोरांना येतंच. अमेरिकेचे अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबरात बंद होतात, तेव्हा शिफारसपत्रांसाठी गाइडशी ऑगस्टपासूनच बोलून ठेव.