फ्रान्समधला 'कोमिसेर' म्हणजे आपला पोलीस कमिशनरच का? तिथवर पोहोचायला किती वर्षं लागतात?

नाही, नावावर जाऊ नका. आपल्याकडे मुंबईचा आयुक्त म्हणजे उभी हयात खात्यात घालवलेला आयपीएस. फ्रान्समध्ये मात्र अठ्ठावीस वर्षांची मुलगीही कोमिसेर असू शकते. हा एका खुर्चीचा मान नाही, अधिकाऱ्यांचा सगळ्यात वरचा वर्ग आहे. दीड लाखाच्या आसपास पोलिसांत हे लोक दोन हजारही नाहीत.

मी काही वर्षं ल्योंला होतो. मेट्रोत पाकीट मारलं गेलं म्हणून ठाण्यात गेलो. तक्रार एका ब्रिगादियेने, म्हणजे खालच्या फळीतल्या पोलिसाने, टाइप करून घेतली. तेवढ्यात जीन्स घातलेल्या एक बाई कॉफीचा कप घेऊन मागून गेल्या आणि तो पटकन सावरून बसला. त्याच ठाण्याच्या प्रमुख!

ल्योंजवळच सें-सिर-ओ-मों-दोर गावात १९४१ पासून या कोमिसेरांची प्रबोधिनी आहे. बाहेरून येणाऱ्याला मास्टर्स पदवी, पस्तिशीच्या आतलं वय आणि स्पर्धा परीक्षा, मग साधारण दोन वर्षं प्रशिक्षण. खात्यातल्यांसाठी वेगळी परीक्षा असते, म्हणजे आपल्या खातेअंतर्गत पीएसआय परीक्षेसारखंच, फक्त बऱ्याच वरच्या पायरीवर. पुढे कोमिसेर दिव्हिजिओनेर आणि मग कोमिसेर जेनेराल. बढती हवी तर बदल्या घ्याव्याच लागतात, बायको-मुलांची ओढाताण तिथेही चुकत नाही.

खरी गंमत कामात आहे, कारण साहेब दोन. शहरातल्या बंदोबस्तासाठी वर प्रेफे, म्हणजे जिल्ह्यातला सरकारचा प्रतिनिधी. गुन्ह्याच्या तपासात मात्र सरकारी वकील, नाहीतर तपास न्यायाधीश सांगेल तसं. संशयिताला चोवीस तास ठाण्यात ठेवायचं ठरवलं की सरकारी वकिलाला लगेच कळवायचं, आणि मुदत वाढवायची तर त्याची परवानगी. मोर्चा पांगवायचा असला की हाच कोमिसेर अंगावर निळा-पांढरा-तांबडा पट्टा चढवतो, कारण तीच त्याच्या अधिकाराची खूण. मग लाउडस्पीकरवरून इशारे देतो. दंगलविरोधी तुकडी शेजारी ढाली घेऊन उभी असली, तरी बळ वापरायचं की नाही हे त्याने सांगायचं असतं.

बायकांना ही वाट सत्तरच्या दशकात खुली झाली. मार्तिन मोंतेय १९९६ मध्ये पॅरिसच्या गुन्हे शाखेच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या, आणि पुढच्याच वर्षी आल्माच्या बोगद्यात डायानाचा अपघात झाला तेव्हा तपास त्यांच्याच शाखेकडे आला.

आणि तुमच्या मनातल्या कमिशनरच्या जवळ जाणारं पद म्हणाल, तर ते पॅरिसचा प्रेफे द पोलिस. नेपोलियनने १८०० साली ते निर्माण केलं. त्या खुर्चीत मात्र बहुतेक वेळा पोलीस नसतोच, सनदी अधिकारी बसतो.