फणसाडला प्राणी दिसतात का?

प्रश्न : आम्ही पेणचे. मोठा मुलगा नववीत, धाकटी पाचवीत. कर्नाळा दोनदा झालं. या दिवाळीच्या सुट्टीत मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात जावं म्हणतोय. नबाबाचं शिकारीचं रान होतं म्हणे. मग आता प्राणी दिसतात का? मुक्काम करता येतो का? आणि तिथल्या तळ्यात मुलांना डुंबता येईल का?
— एक वाचक, पेण

उत्तर : शेवटचं आधी. डुंबायचं नाही. ते तळं नव्हे, गाण. (गाणं नव्हे हो, गाण!) जंगलात जिथं पाणी टिकून राहतं त्या जागेला मुरूडकडे गाण म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण ही त्यांची नावं. उन्हाळ्यात अख्खं रान त्या पाण्यावर जगतं. पोहायचं असेल तर काशीदचा समुद्र आहेच, पण तिथंही जपून; ओढ फार आहे.

नबाबाचं म्हणता ते खरं. मुरूड आणि रोहा तालुक्यांतलं हे रान जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांनी शिकारीसाठी राखलं होतं. राखीव होतं म्हणून कुऱ्हाड कमी चालली. बाकीचे डोंगर बोडके होत गेले, हे उरलं. जनावरं मारायला राखलेली जागा जनावरांच्याच कामी आली, याचं मला अजून हसू येतं. 1948 साली संस्थान विलीन झालं. अभयारण्य मात्र व्हायला 1986 उजाडलं. तुमचं कर्नाळा त्याच्या बरंच आधीचं, 1968 चं, पण ते मुख्यतः पक्ष्यांसाठी आणि छोटं. शिवाय महामार्ग त्यातूनच जातो. पक्ष्याच्या शिळेआधी ट्रकचा हॉर्न कानी येतो.

आता प्राणी. दिसतात, पण गाडीतून मान बाहेर काढून नव्हे. बिबट्याची आशा मुलांना दाखवूच नका. शेकरू बघा. आपल्या राज्याचा प्राणी तो, पण तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेला नसेल. तांबूस अंग, लांब झुबकेदार शेपूट. जमिनीवर क्वचित उतरतं, म्हणून नजर वर हवी. आधी त्याची कर्कश साद ऐकू येते, मग फांदी हलते. झाडाच्या शेंड्याला काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला की ते त्याचं घरटं. एकच शेकरू अशी बरीच बांधतं, त्यामुळे रिकाम्या घरट्याखाली ताटकळू नका. आणि गारंबीची वेल मुलांना जरूर दाखवा. तिची हातभर लांब शेंग पाहिली की पाचवीतली कन्या शेकरूही विसरेल.

पांढऱ्या पाठीची गिधाडंही इथं आहेत. गुरांना देत त्या डायक्लोफिनॅक औषधानं, मेलेल्या गुरांच्या मांसातून ते पोटात जाऊन, देशभरातली गिधाडं मेली. 2006 मध्ये गुरांसाठी ते बंद झालं. मग वनखात्यानं फणसाडमध्ये गिधाडांच्या खाण्यासाठी मेलेली गुरं टाकायची ठरावीक जागा केली. पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. घरांची कौलं आणि वाड्यांतल्या सुपाऱ्या गेल्या, तशी रानातली मोठी झाडंही गेली. गिधाडाला घरट्याला उंच झाड लागतं, ते काही वर्षा-दोन वर्षांत उभं राहत नाही.

मुक्कामाला सुपेगावला वनखात्याचे तंबू आहेत. जागा आहे का ते निघण्याआधी विचारून घ्या. दिवाळीत थंडी सुरू होते, पक्षी भरपूर, पण पाणी सगळीकडे असल्यानं गाणीवर गर्दी नसते. जनावरंच बघायची तर एप्रिल-मे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून मोजदाद होते ती त्याचसाठी.

मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पोरांना घेऊन किती वेळा गेले ते मोजलं नाही. एकदा चिखलगाणीपाशी चाळीस पोरं तासभर गप्प बसली होती. मला स्वतःलाच खरं वाटेना. पलीकडून भेकर आलं, पाण्याला तोंड लावणार, एवढ्यात डब्याचं झाकण दगडावर पडलं. ठण्ण! डबा माझाच होता. भेकर गेलं, आणि परतीच्या एसटीत माझ्याशी कुणी बोललं नाही.

तेव्हा भाकरी फडक्यात बांधून न्या.