लेकीला एअर होस्टेस व्हायचंय : खानापूरच्या आईला उत्तर

प्रश्न : माझी मुलगी सेकंड पीयूसी (बारावी) कॉमर्सला आहे. तिला एअर होस्टेस व्हायचंय. अहमदाबादच्या अपघातापासून माझी झोप उडालीय. घरचे म्हणतात, चहा-पाणी द्यायला एवढी धडपड कशाला? आणि संकट आलंच तर ही विशीची पोर करणार काय? मी एकदाच सांबऱ्याहून बेंगळूरला विमानानं गेले. विमान सुटताना समोरची मुलगी हात मांड्यांखाली घेऊन गप्प बसली होती. तीही घाबरली असणार. आमची अबोल आहे, पण मलप्रभेत पट्टीची पोहते. बेळगावातली एक संस्था नोकरीची हमी देऊन मोठी फी मागतेय. भरू का?

उत्तर : ताई, ती मुलगी घाबरली नव्हती, उजळणी करत होती. विमान सुटताना आणि उतरताना धोका सगळ्यात जास्त, म्हणून त्या मिनिटांत क्रूनं, म्हणजे विमानातल्या कर्मचाऱ्यांनी, मनातल्या मनात पाढा म्हणायचा असतो : माझं दार कुठलं, ते उघडायचं कसं, बाहेर आग दिसली तर लोकांना कुठं वळवायचं, मदतीला धडधाकट माणूस कुठल्या सीटवर आहे. हात मांड्यांखाली घेतात ते धक्का बसला तर भिरकावले जाऊ नयेत म्हणून.

चहा-पाण्याचं म्हणाल, तर क्रू किती हवेत हे चहावरून ठरत नाही. आपल्याकडे दर ५० सीटांमागे किमान एक क्रू लागतो, आणि तो नियम सुरक्षेचा आहे. चहा हे त्यांचं फावल्या वेळचं काम म्हणा ना!

विशीची पोर काय करते, ते २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर दिसलं. जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं आणि पेटलं. आत ३७९ माणसं, त्यांत केबिन क्रू फक्त नऊ. केबिनमध्ये धूर भरत होता आणि घोषणेची यंत्रणा बंद पडलेली. क्रूनं भोंगे घेतले, घसा ताणून ओरडले. आठ दारांपैकी तीनच वापरता आली, कारण बाकीच्यांतून लोक सोडणं धोक्याचं होतं. मागच्या एका दाराशी वैमानिकाशी बोलणंच होईना, तेव्हा तिथल्या क्रूनं बाहेरचा अंदाज घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर दार उघडलं. बॅगा आतच ठेवून सगळे ३७९ जण जिवंत बाहेर पडले. छोट्या विमानातले पाच जण मात्र गेले.

एवढं मोठं संकट सहसा कुणाच्या वाट्याला येत नाही. नेहमीचं म्हणजे कुणाला चक्कर येते, कुणाच्या छातीत दुखतं. मग ऑक्सिजनची बाटली काढायची, प्रवाशांत डॉक्टर आहे का विचारायचं, वैमानिकाला कळवायचं; विमान मध्येच उतरवायचं की नाही हे तो ठरवतो. पॉवर बँक पेटली तर आधी हॅलॉन या आग विझवणाऱ्या वायूच्या सिलिंडरनं ज्वाळा विझवायच्या आणि मग पाणी ओतत राहायचं, कारण आतल्या सेलची उष्णता तशीच असते आणि ती पुन्हा भडकते. बर्फ ठेवायचा नाही, त्यानं उष्णता आत कोंडते. केबिनमधला हवेचा दाब गेला तर क्रूनं आधी स्वतः मास्क लावायचा. ३५,००० फुटांवर शुद्ध टिकते जेमतेम अर्धा ते एक मिनिट. बेशुद्ध क्रू कुणाच्या कामाची? वैमानिक विमान १०,००० फुटांच्या आसपास खाली आणेपर्यंत सगळ्यांनी मास्कवर राहायचं. हे सगळं प्रशिक्षणात करून घेतात आणि दर वर्षी पुन्हा तपासतात.

अहमदाबादचं मात्र तुमच्यापासून लपवणार नाही. १२ जून २०२५ला ते विमान उडाल्यावर काही क्षणांतच कोसळलं, क्रूमधलं कुणीही वाचलं नाही. काही वेळा क्रूच्या हातात काहीच उरत नाही. ही भीती धरूनच हो किंवा नाही म्हणा. पण घरच्यांनी 'चहावाली' म्हणून नाही म्हणू नये.

आता लेकीचं. अबोल असणं आड येत नाही, आवाज न निघणं येतं. प्रशिक्षणात "सगळं सोडा, इकडून या!" असं केबिनच्या टोकाला ऐकू जाईल इतकं ओरडावं लागतं, लाजत बोललेलं चालत नाही. कॉलेजात एनसीसी असेल तर घालाच, परेडला कमांड देता देता गळा मोकळा होईल. पोहणं उपयोगी पडेल, कारण लाइफ जॅकेट घालून पाण्यातला सरावही असतो. मराठी, कन्नड, हिंदी आपल्या सीमाभागातल्या पोरांना जन्मजात येतात. घाबरलेल्या आजीला तिच्या भाषेत दोन शब्द बोलणारी क्रू सोन्यासारखी. खरी अडचण इंग्रजीची. मुलाखतीत तिथंच गाळतात, तेव्हा तयारी आजपासून.

फी भरू नका. विमान कंपनी निवड झाल्यावर स्वतःचं प्रशिक्षण देते आणि अर्जाला खासगी संस्थेचं सर्टिफिकेट लागत नाही. नोकरीची हमी कुणी लेखी देत असेल तर तो कागद मला पाठवा, वाचायला आवडेल. साधारण १८ ते २७ वय आणि बारावी पास एवढ्यावर अर्ज करता येतो. तरी माझं मत, बी.कॉम. आधी होऊ द्या. ही नोकरी पुष्कळदा कराराची असते, पुढं बदलावी लागली तर डिग्री हाताशी हवी. मुलींना बहुतेक ठिकाणी १५५ सेंटीमीटरच्या आसपास उंची लागते, ती आजच भिंतीशी उभं करून मोजा आणि मला कळवा.