91 पर्सेंटाइल, 9 लाखांची ठेव आणि पुण्याची सीट

मिरजेहून एका वडिलांचं पत्र आलंय. पतसंस्थेत नोकरी, वय 52, घरात वर्षाला साडेसहा लाख येतात. मुलाला बारावीला 81 टक्के, सीईटीला 91 पर्सेंटाइल, प्रवर्ग खुला. धाकटी मुलगी नववीत. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरची मॅनेजमेंट सीट ‘होऊन जाईल’ असं मधल्या माणसानं सांगितलंय. चार वर्षांची फी 8 लाख, राहणं-जेवण 5 लाख आणि 4 लाख रोख, बिनपावतीचे. हाताशी ठेव आहे 9 लाखांची. बाकीच्या 8 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढू का, असं विचारलंय.

साहेब, त्या 4 लाखांपासून सुरुवात करू, कारण तिथंच विषय अर्धा मिटतो. सीटसाठी फीच्या वर घेतलेली अशी रक्कम म्हणजे कॅपिटेशन फी, ती घ्यायला महाराष्ट्रात 1987 च्या कायद्यानं बंदी आहे. पावती असलेली फी ठरलेल्या तारखेआधी प्रवेश रद्द केला तर हजार रुपये कापून परत मिळते. बिनपावतीचा पैसा मागायला जायचं कुणाच्या दारात? मधला माणूस तोवर फोन उचलत नसतो.

आता कर्ज. ठेव आधी संपवली तर दुसऱ्या वर्षापासून कर्ज उचलावं लागेल. साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते, म्हणजे राहतं घर आलं. दहा टक्के व्याज धरलं, तर हप्ता सुरू होईपर्यंत 8 चे 10 लाख 20 हजार झालेले असतील. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण साडेतेरा हजार. पहिला हप्ता जाईल तेव्हा तुम्ही 57 चे, शेवटचा जाईल तेव्हा 67 चे. पोरगा फेडेल, असं तुम्ही लिहिलंय. फेडेलही. पण पहिल्या नोकरीत हातात पंचवीस-तीस हजार आले आणि त्यातलं निम्मं हप्त्यात गेलं, तर पुण्यात तो खोली कशी घेणार?

आणखी एक गोष्ट तो मधला माणूस सांगणार नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, जिला आपण अजून ईबीसीच म्हणतो, ती कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, घेतलेल्या प्रवेशालाच मिळते. मॅनेजमेंट सीटला नाही. तुमचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे, म्हणजे कॅपमधून गेलात तर ट्यूशन फी निम्मी. धाकटीच्या वेळी नियम हेच राहिले तर मुलगी म्हणून तिची पूर्ण माफ.

मग 91 वर मिळतं काय? सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाला चार लाखांवर मुलं बसतात, म्हणजे तुमच्या पोराच्या पुढे 36 हजारांहून जास्त आहेत. वाईट नाही, पण सांगलीच्या वालचंद कॉलेजचं कॉम्प्युटर 98-99 ची भाषा बोलतं. पत्रासोबत पुण्याच्या एका कॉलेजच्या कटऑफचा फोटो पाठवलात, त्यात ‘जीओपनएच’च्या रकान्याला पेनानं गोल केलाय. तो रकाना पुणे विद्यापीठाच्या मुलांचा. शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे सगळं राज्य. तुमचा मुलगा सांगलीत बारावी झालेला, त्याचा रकाना तिथं ‘ओ’ किंवा ‘एस’. ते आकडे बघा, म्हणजे पुणं कितपत जवळ आहे ते लगेच कळेल.

माझ्या मते कॅपच्या फॉर्मवर कॉलेजांची यादी अशी लावावी. वर दोन-चार मोठी नावं खुशाल टाका, त्याला पैसे पडत नाहीत. त्याखाली कराडचं गव्हर्मेंट कॉलेज, सिव्हिल आणि मेकॅनिकलसकट. मिरजेहून रेल्वेची सोय आहे. मग साखराळ्याचं राजारामबापू, आष्ट्याचं डांगे, कोल्हापूरचं केआयटी, साताऱ्याचं एखादं, आणि शेवटी गेल्या वर्षी 80-85 पर्सेंटाइलला कटऑफ थांबलेली चार-पाच. यादी आखूड ठेवणारेच शेवटी मॅनेजमेंट सीटच्या दारात उभे राहतात. टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागा, त्यांचा यादीतला कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ असतो. त्याच कॉलेजच्या, त्याच ब्रँचच्या साध्या कोडच्या वर तो टाका. लागला तर ट्यूशन फीच नाही. त्याचा कटऑफ चढा असतो, पण मेकॅनिकल-सिव्हिलला नशीब आजमावायला हरकत नाही.

एक मात्र जपा. 2025 पासून पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी लागला तर तोही. म्हणून ज्याची फी भरताना घाम फुटेल, असं नाव वरच्या तिनांत नको.

आष्टा-साखराळे पट्ट्यात फी वर्षाला सव्वा लाख धरा. ईबीसीनं पन्नासेक हजार सुटतात. फीतला डेव्हलपमेंटचा भाग भरावाच लागतो. बस, पुस्तकं, लॅपटॉप मिळून चार वर्षांचं गणित साडेचार लाखांच्या आसपास बसतं. घरचं जेवण, कर्ज नाही, निम्मी ठेव शाबूत. कॉम्प्युटर नाही मिळालं तर पोरगं दोन दिवस रुसेल. माझ्याकडं येणारे बरेच मेकॅनिकलवाले आज कोडिंगच करतात.

ठेव इतक्यात मोडू नका, आधी मोडली की व्याज कापतात. तुम्ही लिहिलंय की उत्पन्नाचा दाखला अजून काढलेला नाही. त्याचा अर्ज सोमवारीच टाका. प्रवेश सुरू झाले की सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते, आणि दाखला नसेल तर वरची ईबीसी आणि टीएफडब्ल्यूएसची सगळी आकडेमोड पाण्यात.