ओळखीच्या माणसांना येशूविषयी सांगायचं, पण सुरुवात कशी करावी?

तुम्ही विचारलंय की सहकारी, शेजारी, मित्र यांच्याशी बाकी सगळं मोकळेपणानं बोलता येतं, पण विश्वासाचा विषय आला की जीभ अडखळते. आणि धीर करून बोललं तर माणसं टाळायला लागतात.

यात धीराचा प्रश्न फारसा नसतो, प्रमाण चुकतं. समोरच्यानं सहज एक वाक्य विचारलेलं असतं आणि आपण त्याला अख्खं प्रवचन ऐकवतो. बायबलमध्ये, पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15), विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, असं म्हटलंय, तेही सौम्यपणे आणि आदरानं. म्हणजे दोन कामं आली: कुणी विचारावं इतपत आपला विश्वास दिसू देणं, आणि विचारलं तर विचारलं तेवढंच सांगणं.

दिसू देणं म्हणजे लपवाछपवी थांबवणं, बस. सोमवारी कुणी विचारलं, "काल काय केलंस?" तर "काही नाही, घरीच" म्हणू नका. "सकाळी चर्चला गेलो होतो. क्षमेवर प्रवचन होतं, अजून डोक्यात घोळतंय," एवढं म्हणा आणि गप्प बसा. तो "अच्छा" म्हणून मोबाइल बघायला लागला तर विषय संपला, वाईट काही झालं नाही. "का, काय म्हणाले?" असं विचारलं तर आणखी दोन वाक्यं. ही गप्प बसण्याची पायरीच बहुतेकांना जमत नाही.

पुढे कधीतरी "तू हे सगळं का मानतोस?" असा प्रश्न येतो. त्यासाठी आपली साक्ष, म्हणजे आपण विश्वास कसा ठेवू लागलो ती हकिगत, लिहून तयार ठेवा. 250 ते 300 शब्द, म्हणजे बोलायला दोन-अडीच मिनिटं. नमुना बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात आहे. प्रेषित पौल अग्रिप्पा राजापुढे आधी आपण कसे होतो ते सांगतो, मग दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर येशू भेटला तेव्हा काय घडलं ते, आणि मग त्यानंतर काय बदललं ते. आपल्याकडे पहिला भाग हमखास लांबतो. जुनी पापं चवीनं सांगितली जातात आणि येशू शेवटच्या अर्ध्या मिनिटात उरकला जातो. निम्मा वेळ मधल्या भागाला द्या. लहानपणापासून चर्चमध्येच वाढला असाल तर ओढूनताणून नाट्य आणू नका. विश्वासामुळे एखादा निर्णय वेगळा घेतलात, तोच सांगा. लिहिलेलं चर्चबाहेरच्या एखाद्याला वाचून दाखवा. तो जिथे अडेल तिथे आपली मंडळीतली भाषा आडवी आलेली असते. "प्रभूनं माझं ओझं उतरवलं" याऐवजी "मी एकाला फसवलं होतं, झोप लागत नव्हती, देवानं क्षमा केली हे पटल्यावर त्याच्याकडे जाऊन कबूल करायचं बळ आलं" हे कुणालाही कळतं.

साक्ष म्हणजे सुवार्ता (येशूविषयीची शुभवार्ता) नव्हे, हे मात्र लक्षात असू द्या. तुमचा अनुभव ऐकून माणूस "तुला बरं वाटलं ना, छान" म्हणेल आणि निघून जाईल. सुवार्तेचा गाभा पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (15:3-4) आहे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. हे स्वतःच्या चार-पाच वाक्यांत सांगता आलं पाहिजे. ऐकणारा बहुधा एका जागी अडखळतो: "म्हणजे चांगलं वागलं की देव स्वीकारतो, असंच ना?" इथे भिडेखातर मान डोलावू नका. क्षमा कृपेनं मिळते, चांगलं वागणं त्यानंतर येतं, हे शांतपणे सांगा.

कुणी अडचण सांगितली तर "तुझ्यासाठी प्रार्थना करू का?" असं विचारा. हो म्हणाला तरच तिथे मोठ्यानं करा, तीन-चार वाक्यांत, त्याच्या अडचणीचं नाव घेऊन. प्रार्थनेच्या आडून त्याला उपदेश करू नका. डोळे मिटलेले असले तरी ते कळतं. दोन-तीन दिवसांनी आठवणीनं विचारा, "आईची तब्येत कशी आहे?" हे विसरलात तर प्रार्थना तोंडदेखली होती असंच त्याला वाटणार.

उत्सुकता टिकली तर वादापेक्षा वाचन बरं. बायबलमध्ये येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मार्काचं सर्वांत छोटं, 16 अध्याय; आठवड्याला एक घेतला तर चार महिन्यांत होतं. पहिल्या अध्यायात 45 वचनं आहेत, तो दोन बैठकांत घ्या. वाचायला त्याला द्या आणि तीनच प्रश्न ठेवा: इथे काय घडलं? काय खटकलं? हे खरं असेल तर काय बदलेल? चांगल्या माणसांना दुःख का, असा प्रश्न येणारच. ठरीव उत्तर तोंडावर फेकण्यापेक्षा "विचार करून सांगतो" म्हणा, आणि पुढच्या बैठकीत खरंच सांगा.

काही गोष्टी करूच नका. बरं होशील, नोकरी लागेल अशी आश्वासनं देऊ नका. मदतीला विश्वासाची अट जोडू नका. हाताखालच्या माणसाशी, विद्यार्थ्याशी किंवा रुग्णाशी हा विषय आपणहून काढू नका. त्याला नाही म्हणणं अवघड असतं. दुसऱ्यांच्या मुलांशी त्यांच्या आईवडिलांच्या नकळत बोलू नका. दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल तर मुळीच नको. रोज सकाळी वचनांचे फॉरवर्ड पाठवत असाल तर तेही थांबवा, ते कुणी वाचत नाही.

घरच्यांशी सगळ्यात कमी बोला. ते तुम्हाला रोज चिडताना बघतात. पेत्राच्या त्याच पहिल्या पत्रात (3:1) विश्वास न ठेवणाऱ्या नवऱ्यांविषयी लिहिलंय की ते बायकांच्या वागण्यावरून, एक शब्दही न बोलता जिंकले जावेत. घरी रागावलात तर आधी माफी मागा, साक्षीचं नंतर बघू.

आणि कुणी स्पष्ट "हा विषय नको" म्हणालं तर विषय बंद करा, चहा आणि गप्पा चालू ठेवा. अथेन्समध्ये पौलाचं ऐकून काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला (कृत्ये 17). तुमच्या ओळखीतही या तिन्ही प्रकारची माणसं निघतील. "पुन्हा ऐकू" म्हणणाऱ्याला तारीख विचारू नका, तो आपणहून येऊ दे.