वाचकांचे प्रश्न : नेपाळात घरबांधणीला जायचंय

परदेशात घरं बांधायला स्वयंसेवक म्हणून जाण्याबद्दल आलेल्या पत्रांत बहुतेकांनी नेपाळचंच नाव घेतलंय. म्हणून उत्तरंही तिथलीच.

वय ५८, निवृत्त शिक्षिका. बांधकामाचा काडीचा अनुभव नाही. दहा दिवसांच्या शिबिरात मला नक्की काय करावं लागेल? – सांगली

बिगारीकाम. विटा भिजवणं, वाळू चाळणं, घमेली पुढे सरकवणं, बांबूच्या पट्ट्या ठोकणं, गिलाव्याचा पहिला हात देणं. भिंत सरळ ठेवण्याची साधनं, ओळंबा आणि सूत, गवंड्याच्याच हातात राहतात. त्याला नेपाळीत ‘डकर्मी’ म्हणतात, हाक मारताना ‘दाइ’, म्हणजे दादा. तो सांगेल तेवढंच करायचं. जिथे पाहुण्यांना पहिल्याच दिवशी भिंत रचायला देतात, तिथली भिंत रात्री गवंडी पाडून पुन्हा रचतात असं समजा.

पूर्वेकडे झापा जिल्ह्यात बांबूची घरं बांधतात, तिथलं काम तुम्हाला झेपेल. खांब थेट मातीत रोवला तर बुडखा कुजतो, म्हणून तो काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभा करतात. बांबू तीन-चार वर्षांचा, पक्का हवा. कोवळा असला तर भुंगा पोखरतो. म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात तो मुरवतात. पुढे फोडलेल्या पट्ट्या खांबांवर ठोकायच्या. इथे नवशिक्यांचं हमखास चुकतं. बांबूला आधी बारीक भोक न पाडता खिळा मारला की तो उभा चिरतो, आणि टोकाजवळ तर चिरतोच. दुसरं असं की बाहेरची गुळगुळीत साल गिलावा धरत नाही, म्हणून पट्टीची आतली खडबडीत बाजू बाहेर ठेवायची. फोडलेल्या बांबूची कड पात्यासारखी कापते. चामडी हातमोजे न्या.

सिमेंटकामात हाताची साल जाते असं ऐकलं. खरं का? – जळगाव

खरं आहे, आणि बहुतेक वेळा चूक हातमोज्यांचीच असते. ओलं सिमेंट तीव्र अल्कली. कापडी किंवा चामडी मोजा ते शोषून घेतो आणि दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतो. लगेच झोंबत नाही. संध्याकाळी बोटांच्या बेचक्यात जखम दिसते. बांबूला चामडी मोजे, सिमेंटला लांब बाह्यांचे रबरी, असे दोन जोड वेगळे ठेवा. पायांत गमबूट, आणि पॅन्ट बुटाच्या बाहेर, म्हणजे आत मसाला (कालवलेलं वाळू-सिमेंट) पडणार नाही. कातडीला लागलं तर चालू पाण्याने लगेच धुवा. डोळ्यात उडालं तर चोळू नका, पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि दवाखाना गाठा.

बूट जाड तळाचे हवेत. साइटवर खिळे वर करून पडलेल्या फळ्या असतातच. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालं नसेल तर घेऊन जा. टायफॉइड आणि हेपटायटिस ए या लसींबद्दल डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा. प्रवास विमा घेताना बारीक अक्षरातलं कलम वाचा: कित्येक पॉलिसी अंगमेहनतीच्या कामातली इजा वगळतात. मग घमेलं पायावर पडलं की विमा फक्त हरवलेल्या बॅगेचा.

स्थापत्यचा विद्यार्थी आहे. तिथे काँक्रीट हाताने कालवतात. प्रमाण सांभाळलं जातं का? – नाशिक

प्रमाण ठरलेलं असतं. पाण्याशी मात्र खेळ होतो. एका पन्नास किलोच्या पोत्याला साधारण पंचवीस लिटर पाणी पुरतं, वाळू ओली असेल तर आणखी कमी. पण घट्ट माल फावड्याने ओढताना दमछाक होते, म्हणून स्वयंसेवक गुपचूप अर्धी बादली ओततो. माल सरसर चालतो, सगळे खूश. ताकद तिथेच जाते. फावडं जड वाटलं तर माणूस बदला, पाणी वाढवू नका. वाळू-सिमेंट कोरडंच उलटसुलट करून एकरंगी होऊ द्या, मग खडी, मग मधोमध आळं करून पाणी. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो ‘जिवंत’ करायचा नाही. विटा पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायच्या, नाहीतर त्या मसाल्यातलं पाणी ओढून घेतात.

दगड-मातीचं घर असेल तर दोन गोष्टी पाहा. पहिली, भिंतीच्या आरपार जाणारे बांध-दगड: उंचीत दर ६० सेंटिमीटरला, आडवे १.२ मीटरच्या आत. हे नसले की भूकंपात भिंतीचे आतले-बाहेरचे दोन थर फुगून वेगळे होतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत आणि २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात घरं अशीच उकलली. दुसरी, जोत्यावर, खिडकीखाली आणि चौकटीवर जाणारे आडवे पट्टे. पट्टा कोपऱ्यात तुटता कामा नये. सळ्यांना वेढून बांधणाऱ्या रिंगांची वळवलेली टोकं, म्हणजे आकडे, ९० अंशांत सोडलेले दिसले तर विचारा. १३५ अंशांत आत वळलेले हवेत. रिंगा वाकवायचं काम स्वयंसेवकांना मिळतं, म्हणून हे तुमच्याच हातात आहे.

आणि हे आधीच विचारून ठेवा: तुम्ही आठव्या दिवशी निघालात की पाणी कोण मारणार? किमान सात दिवस क्युअरिंग, म्हणजे सिमेंटकाम ओलं ठेवणं, लागतं.

आम्ही बारा जण कंपनीतून दिवाळीच्या सुटीत जाऊ इच्छितो. संस्था प्रवासखर्चावर वेगळी देणगी मागते. श्रम देतोय, मग पैसे का? – पुणे

आधी तारीख बदला. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत तिथे दशैं, पुढे आपल्या दिवाळीच्या सुमारास तिहार, तराईत (भारताला लागून असलेल्या सखल पट्ट्यात) पाठोपाठ छठ. गवंडी गावी गेलेले असतात. छठ संपल्यावर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. जून ते सप्टेंबर पावसाचे.

आता देणगी. बारा नवखे दिवसभरात जेवढं काम करतात, तेवढं दोन सराईत मजूर आरामात उरकतात; सिमेंट, पत्रे आणि गवंड्याची मजुरी तुमच्या देणगीतून येते. हिशेब कठोर आहे, पण खोटा नाही. विचारायचं ते हे: त्यातला किती भाग घरात जातो, किती हॉटेलात? घरमालक स्वतः श्रमदान करतो का? स्थानिक गवंड्यांना पूर्ण मजुरी मिळते का? लेखी उत्तर टाळणारी संस्था सोडून द्या. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीसारख्या जुन्या संस्थेत घरमालकाचं श्रमदान ही अटच असते. याच संस्थेने २००६ साली जिमी कार्टर यांच्यासह लोणावळ्याजवळ १०० घरांचं काम केलं होतं. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर ८०जी ची आयकर सवलत मिळत नाही, हेही धरून चाला.

वेळापत्रकात ‘अनाथाश्रम भेट’ असेल तर ती काढायला सांगा. मुलं ही प्रेक्षणीय स्थळं नव्हेत.

मुलगी १७ वर्षांची आहे. आधार कार्ड चालेल का? पैसे कोणते न्यावेत? – ठाणे

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या प्रवाशांना चालतं. तिच्या वयाला शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्रही चालतं, तरी पासपोर्टच काढा. विमानतळावर वाद नको. वयाची अट संस्थेकडून लेखी घ्या. रोख शंभराच्या नोटांत न्या, मोठ्या नोटांवर दुकानदार नाक मुरडतो. भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६०, हा दर १९९३ पासून तोच आहे.

झापाला जायचं तर काठमांडूचा फेरा कशाला? बागडोगरा विमानतळ किंवा न्यू जलपाईगुडी स्टेशन, तिथून सिलिगुडीमार्गे पानीटंकी, मेची नदीचा पूल ओलांडला की काकडभिट्टा. तोच झापा.

आमच्याकडे अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय आहे. – न्यू जर्सी

ओसीआयचा (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना भारत सरकार देतं त्या कार्डाचा) नेपाळात उपयोग नाही, तुम्हाला व्हिसा लागेल. तो पोहोचल्यावर मिळतो: १५ दिवसांचा ३० डॉलर, ३० दिवसांचा ५०, ९० दिवसांचा १२५. मात्र पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामालाही परवानगी नाही. ‘सगळे तसेच येतात’ हे उत्तर घेऊ नका; परवानगी कोणत्या कागदावर आहे ते संस्थेकडून तिकीट काढण्याआधी मागवा.