तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: बैलघोडा हॉस्पिटल, परळचं कॉलेज आणि नागपूरचं विद्यापीठ

प्रश्न: लहानपण लालबागला गेलं. परळचं बैलघोडा हॉस्पिटल म्हणजेच वेटरनरी कॉलेज असं आम्ही धरून चालायचो. आता नातू म्हणतो दोन्ही वेगळं आहे. खरं काय? आणि हे कॉलेज नक्की किती जुनं?
– एक आजोबा, डोंबिवली

नातू बरोबर आहे, पण आजोबा तुमचंही अगदीच चूक नाही हो, कारण दोन्ही एकाच आवारात आहेत आणि सुरुवातीपासून एकमेकांना धरूनच वाढलेत. हॉस्पिटलचं खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी 1880 च्या दशकात मोठी देणगी दिली आणि हॉस्पिटलला बायकोचं नाव दिलं. चालवते ती प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध काम करणारी मुंबईची जुनी सोसायटी, जी 1874 मध्ये सुरू झाली. म्हणजे हॉस्पिटल ट्रस्टचं आणि कॉलेज सरकारी. पेशंटच्या मालकाला काय त्याचं, त्याला डॉक्टर दिसला की झालं!

कॉलेज सुरू झालं 2 ऑगस्ट 1886 ला. त्या वेळची मुंबई डोळ्यापुढे आणा, ट्राम घोडे ओढायचे, गोदीतला माल बैलगाडीतून जायचा, लष्कराला घोडे लागायचे ते वेगळंच, आणि एवढ्या जनावरांना बघणारे शिकलेले लोक जवळपास नव्हतेच. त्याआधी 1882 मध्ये लाहोरला कॉलेज निघालं होतं, पण आज भारतात असलेल्या वेटरनरी कॉलेजांमध्ये मुंबईचं सगळ्यात जुनं समजलं जातं. कलकत्त्याचं बेलगाछिया आणि मद्रासचं कॉलेज नंतरचं. पहिले प्रिन्सिपल जॉन हेन्री स्टील, लष्कराच्या पशुवैद्यक खात्यातले. हत्ती आणि उंटांच्या आजारांवर सुद्धा त्यांनी लिहून ठेवलंय. 1891 मध्ये मुंबईतच वारले, वय चाळीसच्या आत. त्यांच्या नावाचं पदक ब्रिटनमध्ये निघालं पण परळला राहणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असेल देव जाणे.

तेव्हा डिग्री नव्हती, पास झालेल्यांच्या नावापुढे जीबीव्हीसी लागायचं, म्हणजे ग्रॅज्युएट ऑफ बॉम्बे वेटरनरी कॉलेज. विद्यापीठाची डिग्री बरीच नंतर आली.

आणि घोड्यांचं एवढं ऐकून असं वाटायला नको की शेतकऱ्याच्या जनावरांचं कुणाला पडलंच नव्हतं. बुळकांडी, म्हणजे गुरांची जीवघेणी साथ, आली की गावंच्या गावं बैलांविना व्हायची, मग पेरणी कशाने करणार? त्याच काळात म्हणजे 1889 मध्ये पुण्यात सरकारने जनावरांच्या रोगांवर संशोधन करायला लॅब काढली. असले जंतू वस्तीत ठेवणं धोक्याचं म्हणून ती 1893 मध्ये लांब हिमालयात मुक्तेश्वरला हलवली, आणि तीच पुढे आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. बुळकांडी 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पूर्ण संपवलेला हा दुसराच रोग, आणि त्याची साधी बातमीसुद्धा आपल्याकडे धड झाली नाही.

प्रश्न: मुलीला नीटमध्ये बरे मार्क आहेत, तिला वेटरनरीला जायचंय. कॉलेज मुंबईत, विद्यापीठ नागपूरला, आणि शेजारचे म्हणतात हे सगळं कृषी विद्यापीठात येतं. डोकं चक्रावलं. कुठलं कॉलेज चांगलं तेही सांगा.
– एक पालक, औसा

शेजारचे जुन्या हिशोबाने बोलतायत. 1968 ते 72 च्या दरम्यान राज्यात चार कृषी विद्यापीठं झाली आणि वेटरनरी कॉलेजं त्यांच्यात वाटली गेली. मुंबईचं दापोलीकडे गेलं, नागपूरचं (1958 चं) अकोल्याकडे, परभणीचं तिथल्याच मराठवाडा कृषी विद्यापीठात. शेतीच्या मोठ्या घरात जनावरांचा डॉक्टर धाकट्या जावेसारखा राहिला असं मला तरी वाटतं, कुणाला पटणार नाही कदाचित. मग 1998 चा कायदा झाला आणि 2000 मध्ये नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ सुरू झालं, ज्याला सगळे माफसू म्हणतात. उदगीर (1987) आणि शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील कॉलेज (1988) सकट सगळी त्याच्याखाली आली.

आता रचना. वर राज्यपाल कुलपती, मग कुलगुरू. खाली तीन विद्याशाखा, पशुवैद्यक, मत्स्य आणि दुग्ध तंत्रज्ञान. विद्याशाखेला अधिष्ठाता म्हणजे डीन, आणि प्रत्येक कॉलेजचा प्रमुख सहयोगी अधिष्ठाता, त्यामुळे प्राचार्य कुठे बसतात असं विचारत फिरू नका. पण अभ्यासक्रम काय, विभाग किती, शिक्षक किती, हे विद्यापीठ एकटं ठरवत नाही, ते दिल्लीची भारतीय पशुवैद्यक परिषद ठरवते, 1984 च्या कायद्याने. म्हणून परभणी काय नि परळ काय, विभाग तेच. अ‍ॅनाटॉमी फिजिऑलॉजीपासून सुरू करून पुढे पॅथॉलॉजी, पॅरासायटॉलॉजी, मग सर्जरी, मेडिसिन, गायनॅक, शिवाय खाद्य, ब्रीडिंग, दूध-मांसाचं तंत्रज्ञान, आणि त्याशिवाय शिकवण्यासाठीचा दवाखाना आणि पशुधन फार्म हवाच. साडेचार वर्षं अभ्यास आणि वर्षभर इंटर्नशिप, एकूण साडेपाच. राज्यातल्या 15 टक्के जागा ऑल इंडिया कोट्याने परिषद भरते, तो फॉर्म वेगळा भरावा लागतो, बरेच जण तिथेच राहून जातात.

कुठलं चांगलं? माझं मत सांगते, पुस्तक सगळीकडे एकच आहे, फरक पडतो तो दवाखान्यात येणाऱ्या केसेसचा. परळला कुत्री-मांजरं भरपूर, उदगीर परभणीकडे गाई म्हशी शेळ्या. तुम्ही तर देवणी आणि लाल कंधारी या गाई-बैलांच्या जातींच्या मुलखातले, उस्मानाबादी शेळी दारात. मुलीला पेट क्लिनिक काढायचंय की गोठ्यात उतरायचंय हे आधी तिलाच विचारा, तुम्ही ठरवू नका. आणि ऑप्शन भरायच्या आधी एक दिवस सकाळी ओपीडीच्या वेळेला कॉलेजच्या दवाखान्यात नुसतं उभं राहून या दोघं. माहितीपत्रकाने कळत नाही ते तिथे अर्ध्या तासात कळतं.

प्रश्न: आमच्या गावात येणारे डॉक्टर खरे डॉक्टर नाहीत, डिप्लोमावाले आहेत असं कळलं. मग त्यांच्याकडून इंजेक्शन घ्यायचं का नाही?
– एक दूध उत्पादक, जि. सातारा

कायद्याने पशुवैद्यकाची प्रॅक्टिस करायला मान्य पदवी आणि परिषदेत नोंदणी, दोन्ही लागतं. डिप्लोमा केलेल्यांना पशुधन पर्यवेक्षक म्हणतात, त्यांनी किरकोळ सेवा द्यायच्या आणि त्या सुद्धा नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. लसीकरण, कृत्रिम रेतन, ड्रेसिंग यात कित्येकांचा हात फार चांगला असतो आणि रात्री दोन वाजता येणारे बहुतेक तेच असतात हे पण खरं. पण गाय अडली, पोट फुगून उतरेना, ऑपरेशन किंवा अँटिबायोटिकचा कोर्स लागणार असेल तर नोंदणीवाल्यालाच बोलवा आणि नोंदणी नंबर बिनधास्त विचारा, राग मानायचं कारण नाही. विम्याचा क्लेम करताना दाखल्यावर तोच नंबर लागतो.